रजा शिल्लक



यंदाची आषाढी एकादशी 25 जुलैला आहे. गेल्या वर्षी, 2025 साली, ती 6 जुलैला होती. मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे एकोणीस दिवस पुढे सरकली. हे मी तुम्हाला सांगायला नको, पंचांग तुमच्याही घरी आहे. पण तुमच्यापैकी जे कारखान्यात, दुकानात, गोदामात, पेट्रोल पंपावर कामाला जातात त्यांना एक विचारतो. या तारखा पाहून तुम्ही रजेचा अर्ज दिला का? की दरवर्षीप्रमाणे देहूचे प्रस्थान टीव्हीवर पाहिले की हळहळणार आणि म्हणणार, "काय करणार माउली, सुट्टीच मिळत नाही"?

हे वाक्य मी तेरा वर्षे म्हटले आहे. त्यामुळे त्याच्यावर चार शब्द लिहायला हरकत नसावी.

मी डाळजचा. पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण मागे पडले की पळसदेवच्या अलीकडे आमचे गाव लागते. एका अंगाला हमरस्ता, दुसऱ्या अंगाला उजनीचे पाणी. धरणाच्या पाण्यात आमचे निम्मे रान गेले आणि उरलेल्यावर दोन भावांचे भागेना, म्हणून धाकट्याने, म्हणजे मी, कारखान्याची वाट धरली. आमच्या बाजूला तेव्हा ती वाट नवी होती. भिगवणला कागदाचा कारखाना आला, बारामतीची एमआयडीसी वाढली, पुढे लोणी देवकरला वसाहत झाली. बापाने नांगर धरला त्या घरातली पोरे कार्ड पंच करू लागली. मी 1994 साली एका कारखान्यात कायम झालो आणि 2022 साली निवृत्त झालो. कारखान्याचे नाव घेत नाही. चूक त्याची नव्हतीच.

तुकोबांची पालखी आमच्या गावावरून जात नाही. ती बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. आम्ही डाळजची माणसे बेलवडीच्या रिंगणाला नाहीतर इंदापूरच्या मुक्कामाला जाऊन तिला गाठतो. माझे आईवडील दरवर्षी इंदापुरात दिंडीला मिळत आणि सराटी, अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली, वाखरी करत पंढरी गाठत. सात दिवसांचे चालणे. वडील रोजंदारीवर होते, सात दिवसांचा रोज बुडायचा. त्याला आमच्याकडे खाडा म्हणतात. वडिलांनी वारीचा खाडा कधी मोजला नाही. आईने मात्र मोजलेला असणार, कारण श्रावणात आमच्या घरी तेल जपून वापरले जायचे.

वडील 1997 साली गेले. पुढच्या ज्येष्ठात आई म्हणाली, "एकदा देहूपासनं चालायचंय. तू संगं चल. तुझ्या बापाला कामापायी सगळी वाट चालता आली नाही. तुला तर कंपनीत सुट्टीचे पैसे मिळत्यात म्हणं."

मी म्हणालो, "आई, सुट्टी मिळत नाही गं. कामाचा लोड आहे."

ती म्हणाली, "बरं. पुढच्या सालाला बघू."

माउली, खरे सांगायचे तर मी सुट्टी मागितलीच नव्हती. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, 2010 पर्यंत एकदाही नाही. का नाही मागितली याची कारणे आज मोजायला बसलो तर लाज वाटते. रजेवर गेले की ओव्हरटाइम बुडतो. महिन्याची हजेरी पूर्ण असली की थोडे बक्षीस मिळायचे, ते जाते. साहेबाच्या डोळ्यात भरलेला माणूस मागे पडतो. एका वर्षी शंभर टक्के हजेरीबद्दल मला स्टीलची कळशी मिळाली, टाळ्याही वाजल्या. आई त्याच कळशीने रोज तुळशीला पाणी घालायची.

वर्षअखेरीला शिल्लक रजेचे पैसे करून घ्यायची आमच्याकडे सोय होती. एका वर्षी त्या पैशांतून मी रंगीत टीव्ही घेतला. आषाढात त्या टीव्हीवर पालखी दिसली की आई उठून हात जोडायची. रजा विकून आणलेल्या टीव्हीवर आम्ही मायलेक वारी पाहत होतो, आणि मला त्यात काही वावगे वाटत नव्हते. कोणी विचारले तर मी सावतामहाराजांचे नाव पुढे करायचो. त्यांनी मळा सोडला नाही, पांडुरंगच अरणला त्यांच्याकडे आला, तसे माझे मशीन हीच माझी पंढरी! कीर्तनात ऐकलेला दृष्टांत माणूस कुठे वापरेल सांगता येत नाही. सावतोबांनी मळ्यात नाम सोडले नव्हते. मी मशीनवर उभा राहून ओव्हरटाइमचे तास मोजत होतो.

आता रजा म्हणजे नेमके काय, ते पाहू. शब्द मूळचा अरबी, अर्थ संमती. पौर्णिमेला गोपाळकाला झाला की आपण पांडुरंगाची रजा घेतो, म्हणजे घरी जायची परवानगी मागतो. त्यामुळे कारखान्यातली रजासुद्धा साहेबाची मेहेरबानी आहे, असे आपल्या मनात घट्ट बसले आहे. मेहेरबानी मागायला जीभ अडखळते. पण पगारी रजा ही तुम्ही आधीच केलेल्या कामाची राहिलेली मजुरी आहे. ती कोणी मर्जीने दिलेली नाही. ती मिळायला पन्नासहून जास्त वर्षे लागली.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे या जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्याने 1884 साली गिरणी कामगारांना संघटित केले, 'दीनबंधु' पत्रातून त्यांची बाजू मांडली. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजारो कामगारांची सभा भरली, तिथे कामगार बायाही उठून बोलल्या. 10 जून 1890 ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून लोखंड्यांनी तोच मागितला असेही सांगतात. जेजुरी आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे मला ते पटते. आज रविवारी सकाळी हरिपाठाला बसणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे? मलाही नव्हते.

विसावा मिळाला. विसाव्याच्या दिवसांचा पगार कायद्यात यायला आणखी पंचावन्न वर्षे गेली. 1945 साली, बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, कारखाना कायद्यात पगारी रजेची तरतूद झाली. बारा महिने सलग काम केलेल्या कामगाराला दहा दिवस. स्वातंत्र्यानंतर 1948 चा कारखाना कायदा आला आणि त्यात जो हिशेब ठरला त्यावर माझी सगळी नोकरी गेली. वर्षात 240 दिवस भरले की दर वीस दिवसांच्या कामाला एक दिवस पगारी रजा, आणि या वर्षी कमावलेली रजा पुढच्या वर्षी घ्यायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात 240 च्या जागी 180 दिवस आले, म्हणजे उंबरठा खाली आला. वीसाला एक हे प्रमाण तेच राहिले.

आता हा हिशेब वारीच्या वाटेवर मांडून बघा. आठवड्याच्या आणि सणाच्या सुट्ट्या, एखादे आजारपण वजा जाता माणूस वर्षाला तीनशेच्या आसपास दिवस कामावर जातो. तीनशेला वीसने भागा, पंधरा आले. देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला प्रस्थान होते, आषाढ शुद्ध दशमीला पालखी पंढरपुरात पोचते, दुसऱ्या दिवशी एकादशी. धरा एकोणीस दिवस. या एकोणीस दिवसांत आठवड्याच्या दोन, कधी तीन सुट्ट्या येतातच. आणि 1948 च्या कायद्यातच लिहिले होते की रजेच्या मध्ये किंवा तिच्या दोन्ही टोकांना येणारी सुट्टी रजेत धरायची नाही. म्हणजे पंधरा आणि तीन, अठरा झाले. मागल्या वर्षीची दोन-चार दिवस रजा शिल्लक असली की एकादशीचे दर्शन आणि द्वादशीचे पारणे दोन्ही बसते. कायदा लिहिणाऱ्यांनी वारी डोळ्यांपुढे ठेवलेली नव्हती. पण माझ्यासारख्या कायम कामगाराला देहू ते पंढरी अख्खी वाट पगारासकट चालता येत होती, आणि मी आईला लोड सांगत होतो.

आणखी दोन गोष्टी त्या कायद्यात होत्या, त्या मला फार उशिरा कळल्या. रजा चार दिवसांची किंवा त्याहून मोठी असेल तर तिचा पगार रजेवर जाण्याआधी हातात द्यायचा. म्हणजे वाटखर्चही सुटला असता. दुसरी गोष्ट जास्त झोंबणारी आहे. रजा साठवायची मर्यादा तीस दिवसांची. 2003 च्या डिसेंबरात माझ्या कार्डावर 41 दिवस होते. पैसे करून घ्यायचे त्या वर्षी माझ्याकडून राहून गेले आणि वरचे अकरा दिवस बुडाले. पण कामगाराने रीतसर मागितलेली रजा नाकारली गेली असेल, तर तिला ती तिसाची मर्यादा लागू नव्हती. ती पुढे चालू राहायची. मी मागितलीच नव्हती, म्हणून कोणी नाकारलीही नव्हती. अकरा दिवस. इंदापूर ते पंढरपूर सात लागतात.

अर्ज कधी द्यायचा हे विचाराल, तर जुना नियम रजेच्या पंधरा दिवस आधीचा होता. मी म्हणतो, पाडव्याला नवे पंचांग हातात आले की त्याच आठवड्यात द्या. आषाढीची तारीख साहेबालाही पाहता येते. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी अर्ज टाकणाऱ्याला नाही म्हणणे सोपे असते, तीन महिने आधी टाकणाऱ्याला तितके नसते. आणि एका खात्यातले सगळे माळकरी एकदम निघू नका. आपसात ठरवा, यंदा तू देहूपासून चाल, मी इंदापुरात मिळतो, पुढच्या वर्षी उलट. आमच्या खात्यात काही जणांनी असे ठरवून वर्षानुवर्षे वारी केली, मशीन एक दिवस बंद पडले नाही. अजून एक. रजेचे तुकडे पाडू नका. मेव्हण्याचा साखरपुडा, साडूच्या घराची वास्तुशांत, तालुक्याला एक हेलपाटा, असे करत पंधरा दिवस कुठे जातात ते समजत नाही. जुना कायदा वर्षात तीनदापेक्षा जास्त वेळा ही रजा घेऊ देत नव्हता. तेव्हा तो जाच वाटायचा, आता त्यातला शहाणपणा दिसतो.

दुकानात, हॉटेलात, ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी आपल्या राज्याचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. ठरावीक संख्येच्या वर कामगार असले की तो पुरा लागू होतो. त्यात वीसाला एक आहेच, शिवाय वर्षाला आठ किरकोळ रजा आणि आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. आठांतल्या चार ठरलेल्या, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालकाने आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायच्या आहेत. त्या चारांत आषाढी एकादशी घ्या म्हणून डिसेंबरात किती दुकानांत कोणी तोंड उघडते? मालकाच्याही गळ्यात बऱ्याचदा माळ असते. सांगणारा कोणी नसतो.

कंत्राटी मुलांचे मात्र वेगळे. आमच्या गावातलीच दहा-वीस पोरे ठेकेदाराकडे आहेत. गेल्या साली एक जण म्हणाला, "अण्णा, आमाला कसली रजा? एक दिस गेला नाही तर दुसऱ्या दिशी गेटवर नाव नसतंय." कायद्याने ठेकेदारामार्फत कारखान्यात काम करणारा माणूसही कामगारच आहे, त्याचाही वीसाला एक मोजला गेला पाहिजे. काम सोडताना उरलेल्या रजेचे पैसे मिळायला हवेत, हेही कायद्यातच आहे. हे मी त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "हे सायबाला कोण सांगणार?" मला उत्तर देता आले नाही. मागायचा धीर नव्हता असा मी, आणि मागितले तर काम जाते असा तो. दोघांच्या तोंडी वाक्य तेच, "सुट्टी मिळत नाही." पण त्याचे खरे आहे. माझे खोटे होते.

आणि आपल्या वारीसाठीच ज्यांना त्या दिवसांत रजेचा विचार करता येत नाही, त्यांनाही विसरू नये. आषाढीच्या जादा गाड्या चालवणारे एसटीचे चालक-वाहक, बंदोबस्ताचे पोलीस, पंढरपुरातले सफाई कामगार, दवाखान्यातल्या सिस्टर. वाखरीच्या तळावर पाणी देणाऱ्या टँकरवाल्याला मी एकदा विचारले, "माउली, दर्शन झाले का?" तो म्हणाला, "पौर्णिमेनंतर बघू, गर्दी उतरल्यावर."

2010 च्या पावसाळ्यात आईचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चालायचे नाही म्हणून सांगितले. त्या वर्षी ती इंदापूरपर्यंत जीपने गेली, पालखीचे दर्शन घेतले आणि परत आली. पुढच्या वर्षी मी पहिल्यांदा अर्ज लिहिला. पंधरा दिवस, कारण वारी. हात थरथरत होता म्हटले तर तुम्ही हसाल. साहेबाने मान वर न करता सही केली आणि म्हणाला, "तुमच्या जागी कोण, तेवढे सांगून जा." एवढेच झाले. एका मिनिटाचे काम होते.

घरी येऊन आईला सांगितले. ती म्हणाली, "आता तुला रजा मिळाली, पण माझ्या पायांची सरली बघ." आणि माझ्या पिशवीत आठवणीने घोंगडी भरू लागली.

मी देहूपासून चाललो. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण पाहिले, बेलवडीला अश्व धावले, सराटीला नीरेवर पादुकांचे स्नान पाहिले. हे सगळे घरापासून दीड-दोन तासांच्या आतले आणि मी पन्नाशीकडे झुकल्यावर पहिल्यांदा पाहत होतो. पंढरीत पोचलो तेव्हा दर्शनाची रांग फार लांब होती, म्हणून आधी चोखोबांच्या समाधीपाशी टेकलो. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. आपल्या संप्रदायात देवाच्या दारातच, कामावर मेलेला एक मजूर आहे. ही कथा लहानपणापासून ऐकली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटले की त्यांना कामावरून सुट्टी कोणी दिली असती का? मग नामदेवांच्या पायरीला हात लावून कळसाचे दर्शन घेतले आणि परतलो.

आई 2015 साली गेली. तेराव्याला आमच्या खात्यातला एक फिटर आला होता. पळसदेवकडचा, दरवर्षी वारीला जाणारा. बोलता बोलता तो म्हणाला, "तुमच्या आईची आणि माझी इंदापुरात गाठ पडायची. एकदा मीच बोलून गेलो, आक्का, रजा तर सगळ्यांनाच असते, त्यांचीपण शिल्लक असेल की."

मी विचारले, "हे कधीचे?"

"झाली दहा-बारा वर्षं."

"मग आई काय म्हणाली?"

"म्हणाली, न्हाई, त्याला लई काम असतंय. मानाचं काम हाय त्याचं."

म्हणजे आईला ठाऊक होते. त्यानंतरही ती प्रत्येक ज्येष्ठात मला विचारत राहिली, मी तेच उत्तर देत राहिलो, आणि ती "बरं, पुढच्या सालाला बघू" म्हणत राहिली. तिने मला एकदाही खोटे पाडले नाही. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. इथे लिहितो आहे, कारण तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरी यंदाही हेच बोलणे चालले असेल.

निवृत्त झाल्यावर मी राहिलेल्या रानात लक्ष घातले. एकरभर डाळिंब, थोडा पेरू, बाकी ऊस. खुरपायला, फळे काढायला गावातली एक बाई येते. पन्नाशीच्या आसपासची, नवरा नाही. रोज तीनशे रुपये. ज्या दिवशी येते त्या दिवशी मी वहीत रेघ ओढतो आणि आठवड्याच्या बाजारादिवशी पैसे देतो.

2024 च्या आषाढात ती म्हणाली, "अण्णा, इंदापुरातनं दिंडीत जाईन म्हणते. सात दिस खाडा पडंल."

रान तणाने भरले होते. माझ्या तोंडून गेले, "आता? ऐन खुरपणीत?"

ती जरा थांबली आणि म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या. पुढच्या सालाला बघू."

माउली, मी बांधावर खाली बसलो. ती घाबरली, पाणी आणायला धावली. मी म्हणालो, "ताई, काही नाही झालं. तुम्ही जा वारीला."

त्या रात्री मी वही काढली. मागच्या आषाढीपासूनच्या रेघा मोजल्या, 143 भरल्या. शेतमजुराला या कायद्यातले काही लागू नाही. कायदा माझ्या बांधापाशी थांबतो, आणि 240 चा किंवा 180 चा नियम लावला असता तरी तिच्या वाट्याला शून्यच आले असते. मी फक्त वीसाला एक एवढेच घेतले. 143 ला वीसने भागले, सात आले. मी परत मोजले. सातच.

रजा चार दिवसांहून मोठी असली की पैसे आधी द्यायचे, हे आता पाठ झाले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकवीसशे रुपये घेऊन तिच्या घरी गेलो. ती चुलीपाशी होती. पैसे पाहून म्हणाली, "उचल नगं मला, अण्णा. फेडायची कशी?"

"उचल नाही. तुमच्या सात दिवसांचे आहेत."

"पर मी तर कामाला येणारच न्हाई."

मी तिला वही दाखवली. तिला वाचता येत नाही, पण रेघा मोजता येतात. वीस रेघांपाशी मी बोट ठेवले आणि म्हणालो, हा एक दिवस. पुढच्या वीसांपाशी, हा दुसरा. असे सात झाले. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग तिने नोटा मोजल्या, देव्हाऱ्यात विठोबाच्या फोटोखाली ठेवल्या, आणि मला चहा ठेवला.

चहा हातात देताना तिने विचारले, "पुढच्या सालाला किती होतील, अण्णा?"

मी वही पुन्हा उघडली.